विटांचे दर्शन

इंग्लंडातील सफोक परगण्यात सडबरी हे कापडाच्या व्यापाराचे जुने गाव. चित्रकार टॉमस गेन्सबरो १७२७ साली जेथे जन्मला ते तेथील घर रस्त्यावरून पाहणारा त्यास विटांचेच समजेल. छायाचित्रावरून आम्हीही तसेच समजलो होतो. वस्तुतः वीट आहे ती दर्शनी बाजूस. तिच्या पाठीशी सुमारे १५०० सालापासूनचे लाकडी घर उभे आहे. अशा घरांत ओकचे खांब, त्यांत सांधलेल्या तुळया आणि मधल्या खणांत कूड घालून त्यावर मातीचा गिलावा, अशी रचना असे. कोकणच्या वाचकांस कूड समजावून सांगणे नलगे! भार सारा सांगाडा वाहतो, भिंत केवळ आडोसा. म्हणूनच पुढची बाजू विटांनी मढवली तरी मूळ घर आत राहू शकते.

हे मढवणे टॉमसचे वडील जॉन यांचे. कापडाचे हे व्यापारी. त्यांनी १७२२ साली घर घेतले. लाकडी घर तेव्हा जुनाट ठरू लागले होते आणि विटांचे प्रमाणबद्ध दर्शन प्रतिष्ठेचे लक्षण झाले होते. घर पाडून नवे बांधण्यापेक्षा तोंड तेवढे बदलणे परवडे. यास कोणी ढोंग म्हणेल. आम्हांस म्हणवत नाही. ज्याचा धंदा लोकांच्या नजरेतील पतीवर चालतो, त्याने दुसरे काय करावे?

पत मात्र विटांनी सावरली नाही. १७३३ साली जॉन यांचे दिवाळे निघाले. नऊ भावंडांत धाकटा टॉमस तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच घरात १९६१ साली त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले.