टवका उडालेली बरणी

1937 सालचा हिवाळा, न्यूयॉर्क. कालपरवापर्यंत तुम्ही जाहिरातींची चित्रं काढून पोट भरत होतात. मंदी आली, जाहिराती आटल्या. आता तुमचं नाव सरकारी मदतीच्या यादीत आहे. आठवड्याला 23 डॉलर आणि वर थोडे सेंट मिळतात. त्या बदल्यात काम एकच: समोरची बरणी जशी आहे तशी काढायची.

योजनेचं नाव 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन'. साध्या माणसांच्या घरातल्या गोधड्या, कॉफीची भांडी, खेळणी, छपरावरचे वारा दाखवणारे कोंबडे, सगळ्यांची जलरंगात नोंद. फोटो का नाही? रंगीत फोटोतल्या रंगांवर अजून कुणाचा फारसा भरवसा नाही.

बरणी करड्या मातीची, पोटावर निळा पक्षी. तापलेल्या भट्टीत कुंभाराने मीठ फेकलं होतं. त्याची वाफ मातीवर बसली, काच झाली आणि अंग संत्र्याच्या सालीसारखं बारीक खड्ड्यांचं झालं. प्रत्येक खड्ड्याला एक उजेडाची बाजू, एक सावलीची. बसा आता! रंगाचा पातळ हात द्या, वाळू द्या, मग दुसरा. चकाकी हवी तिथे कागद कोराच सोडा. एकदा रंग गेला की गेला. पक्ष्याचा कोबाल्टचा निळा रंग कुंचला टेकला तिथे दाट, उचलला तिथे फिका. म्हणजे तुम्हाला त्या कुंभाराचं मनगटही उतरवायचंय. काठाचा टवका उडालाय, तोही काढायचा. मधेच स्वतःची शैली दाखवायची हुक्की येईल, ती आवरा.

गंमत म्हणजे ही पद्धत इजिप्तमधल्या थडग्यांतली कोरीव चित्रं हुबेहूब उतरवणाऱ्यांकडून आलेली. फॅरोला मिळालेला मान आता खारवलेल्या मांसाच्या बरणीला! एक मात्र खटकतं. नाव 'अमेरिकन', पण मूळनिवासींच्या वस्तूंना इथे जागा नाही. तो मानववंशशास्त्रज्ञांचा प्रांत, असं म्हणून हात झटकलेत.

संध्याकाळी पक्ष्याचा जेमतेम एक पंख झालेला असतो. पोटासाठी केलेलं काम म्हणून कुणी नाक मुरडेल, पण इतका वेळ देऊन वस्तूकडे पाहणारे चित्रकार थोडेच.

1942 मध्ये योजना थांबली. तोवर जमलेली सुमारे 18,000 चित्रं आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे आहेत आणि तिच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. बघाच, आणि चित्र मोठं करून बघा.