मुंबई-कराची: पावणेनऊशे किलोमीटर, व्हाया दुबई

मुंबई ते कराची हवाई अंतर साधारण ८७५ किलोमीटर. मुंबई ते दिल्ली ११४०च्या आसपास. म्हणजे कराची आपल्याला दिल्लीपेक्षा जवळ. पण आज जायचं म्हटलं तर आधी दुबईला जा, तिथे थांबा, मग उलटं फिरून कराची. एकूण ३१०० किलोमीटर, आणि विमानं लगेच जुळली तरी सात-आठ तास सहज जातात.

आता १५ ऑक्टोबर १९३२ बघा. लंडनहून इम्पीरियल एअरवेजने आलेली टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा सकाळी कराचीच्या ड्रिघ रोडवरून निघाले. एका इंजिनाचं चिमुकलं पुस मॉथ विमान, रेडिओ नाही. वाटेत अहमदाबादला उतरून पेट्रोल भरलं (ते बैलगाडीतून आणलं होतं!) आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. साधारण सात तास. पुढे तेच विमान नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी मद्रासला नेलं. जुहूचं मैदान म्हणजे चिखलाची जागा, पावसाळ्यात विमान रुतायचं, म्हणून त्या महिन्यांत मुक्काम पुण्याला येरवड्याला हलवावा लागे. एवढ्या अडचणींत जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच आज जेट विमानांनी लागतो. मला तरी हे विलक्षण वाटतं.

तेव्हा कराची हे परदेश नव्हतंच म्हणा. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचा भाग होता. तिथल्या एका जुन्या नामवंत शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. आणि फाळणीनंतर कराचीहून बोटी भरभरून आलेले सिंधी कल्याण कॅम्पात उतरले, त्याचंच उल्हासनगर झालं.

फाळणीनंतरही विमानं होती, हे आपण विसरतो. १९७१ मध्ये 'गंगा' विमानाचं अपहरण झालं, लाहोरला ते जाळलं गेलं आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. कराची-ढाका विमानांना श्रीलंकेला वळसा घालावा लागला. संबंध जुळायला १९७६ उजाडलं. १९८२ मध्ये तर ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी पन्नास वर्षांपूर्वीचं ते उड्डाण पुन्हा कराचीहून मुंबईला करून दाखवलं. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००२ आणि २००३ अशी दोन वर्षं पुन्हा बंद. मग सुरू झालं, पण गेल्या दशकात मुंबईची फेरी गेली ती गेलीच. पहलगामनंतर एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशच बंद केलं.

दहशतवादी हल्ले होत असताना सरकारने काहीच करू नये, असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक वेळी पहिला फटका बसतो तो ज्यांची माणसं दोन्हीकडे आहेत त्यांना. लग्न चुकतं, मयत चुकतं. कराचीतला आपला वाणिज्य दूतावास १९९४ मध्येच बंद झाला. तेव्हापासून कराचीच्या माणसाला मुंबईचा व्हिसा हवा असेल तर अर्ज जाणार इस्लामाबादला: मुंबईपेक्षा लांब, तेही उलट्या दिशेला. २०२५ पासून तर बहुतेकांना तोही मिळत नाही.