राष्ट्रपतिपदाची पात्रता

भारतीय संघराज्याच्या प्रमुखपदाची निवडणूक लढविण्यासाठी संविधानाने व निवडणूकविषयक कायद्याने घातलेल्या अटी. संविधानातील अटी मोजक्या व व्यापक असून त्यांचे मूळ स्वरूप १९५० पासून कायम आहे. कायद्याने घातलेल्या अटी मात्र १९७४ व १९९७ मध्ये कडक करण्यात आल्या. पात्र कोण आणि प्रत्यक्षात उमेदवार कोण होऊ शकतो, या दोन प्रश्नांतील अंतर त्यामुळे वाढत गेले.

संविधानातील तरतुदी : अनुच्छेद ५८ अन्वये उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याच्या वयाची ३५ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि लोकसभेचा सदस्य म्हणून निवडून येण्यास तो पात्र असावा. केंद्र वा राज्य शासनाच्या किंवा त्यांच्या नियंत्रणाखालील प्राधिकरणाच्या सेवेत लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती अपात्र ठरते. तथापि राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि केंद्रीय वा राज्य मंत्री ही पदे या प्रयोजनापुरती लाभाची मानलेली नाहीत. अनुच्छेद ५९ प्रमाणे राष्ट्रपती संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कोणत्याही सभागृहाचा सदस्य असू शकत नाही. सदस्य निवडून आल्यास पदग्रहणाच्या दिवशी त्याची जागा रिक्त झाली असे मानले जाते. अमेरिकेच्या संविधानाप्रमाणे जन्मसिद्ध नागरिकत्वाची किंवा १४ वर्षांच्या वास्तव्याची अट भारतीय संविधानात नाही. शिक्षण, मालमत्ता, धर्म वा लिंग यांवर आधारलेली अटही नाही.

न्यायालयीन वाद : या तरतुदींच्या इतिहासात दोन मराठी भाषिकांची प्रकरणे महत्त्वाची आहेत. पहिले प्रकरण डॉ. नारायण भास्कर खरे यांचे. ते १९३७-३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताचे मुख्य मंत्री होते. यवतमाळ जिल्हा व त्यातील कळंब त्या वेळी याच प्रांतात होते. पंजाब व हिमाचल प्रदेश यांतील काही जागांच्या निवडणुका पूर्ण होईपर्यंत १९५७ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक घेऊ नये, अशी मागणी त्यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. निवडणुकीची संपूर्ण प्रक्रिया संपल्यानंतरच वाद उपस्थित करता येतो, असा निर्णय न्यायालयाने दिला. निवडणूक झाल्यावर त्यांनी पुन्हा दाद मागितली. परंतु असा अर्ज उमेदवाराने किंवा किमान दहा निर्वाचकांनी करावा, असा नियम असल्याने तोही टिकला नाही. पुढे अकराव्या संविधान दुरुस्तीने (१९६१) निर्वाचकगणातील रिक्त जागांच्या कारणावरून निवडणुकीस आव्हान देता येणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले. खरे यांचा अर्ज फेटाळला गेला. त्यांनी काढलेला प्रश्न मात्र संविधानाच्या दुरुस्तीनेच मिटवावा लागला.

दुसरे प्रकरण ‘फिल्मइंडिया’चे संपादक व लोकसभा सदस्य बाबूराव पटेल यांचे. झाकिर हुसेन यांच्या १९६७ मधील निवडीस त्यांनी व इतरांनी आव्हान दिले. सोळाव्या दुरुस्तीने (१९६३) लोकसभेच्या उमेदवारास शपथ घेणे आवश्यक केले होते. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराने लोकसभेस पात्र असावयाचे, तर तीच शपथ त्यालाही लागू होते, असा युक्तिवाद करण्यात आला. न्यायालयाने १९६८ मध्ये तो अमान्य केला. राष्ट्रपतीची शपथ अनुच्छेद ६० मध्ये स्वतंत्रपणे दिलेली असल्याने उमेदवाराच्या पात्रतेत या वेगळ्या शपथेची भर घालता येत नाही, असे ठरले.

नामनिर्देशनाच्या अटी : १९५२ च्या कायद्यानुसार प्रारंभी एक सूचक व एक अनुमोदक पुरेसा होता. पहिल्या निवडणुकीत (१९५२) राजेंद्र प्रसाद यांच्याविरुद्ध के. टी. शाह, लक्ष्मण गणेश थत्ते यांच्यासह चार उमेदवार उभे राहिले. १९६७ मध्ये १७ उमेदवार होते व त्यांपैकी नऊ जणांना एकही मत मिळाले नाही. १९६९ मध्ये १५ पैकी पाच जणांची हीच स्थिती झाली. म्हणजे ज्यांनी नाव सुचविले, त्यांचीही मते या उमेदवारांना पडली नाहीत. १९७४ च्या दुरुस्तीने दहा सूचक, दहा अनुमोदक व २,५०० रुपये अनामत ठरविण्यात आली. १९७७ मध्ये ३७ पैकी ३६ जणांचे उमेदवारी अर्ज नामंजूर होऊन नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले. १९९७ मध्ये सूचक व अनुमोदक प्रत्येकी ५० आणि अनामत १५,००० रुपये करण्यात आली. त्या वर्षापासून २०२२ पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत दोनच उमेदवार राहिले.

अमरावतीचे लोकसभेत प्रतिनिधित्व केलेल्या व नंतर राजस्थानच्या राज्यपाल झालेल्या प्रतिभा पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला व पहिल्या महाराष्ट्रीय होत.

पात्रता आणि संधी : कळंब तालुका राळेगाव विधानसभा व यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघात मोडतो. तेथील मतदारयादीत नाव असलेला, ३५ वर्षे पूर्ण केलेला शेतकरी अन्य अपात्रता नसल्यास संविधानाप्रमाणे या पदास पात्र आहे. मात्र राष्ट्रपतीच्या निवडणुकीत त्याला स्वतःचे मत नाही. ते त्याचा आमदार देतो. १९७१ च्या जनगणनेनुसार काढलेले महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५ होते. उमेदवारी अर्जासाठी त्याला शंभर निर्वाचकांच्या, म्हणजे निवडून आलेल्या खासदार-आमदारांच्या सह्या लागतात. विधान परिषदेच्या सदस्यांची सही चालत नाही, कारण ते निर्वाचकगणात नसतात. मोठ्या पक्षाच्या पाठिंब्यावाचून इतक्या सह्या मिळणे अवघड असते.

निरर्थक उमेदवारी रोखणे हा या अटींचा हेतू असून तो बहुतांशी साध्य झाला. त्याचबरोबर संविधानाने सर्व नागरिकांना खुले ठेवलेले हे पद कोणी लढवावे, याचा निर्णय व्यवहारतः राजकीय पक्षांच्या हाती गेला आहे.