स्वॉन्झी सिटी सपोर्टर्स ट्रस्ट

वेल्समधील स्वॉन्झी सिटी या फुटबॉल क्लबात समर्थकांच्या वतीने शेअर बाळगणारी सभासदांची संस्था. स्थापना २००१. क्लब प्रीमिअर लीगमध्ये खेळत असताना त्याचे २१.१ टक्के शेअर या संस्थेकडे होते. त्या वर्षांत समर्थक-मालकीचा आदर्श म्हणून स्वॉन्झीचे नाव सर्रास घेतले जाई. २०१६ नंतर तेच नाव अल्पसंख्य भागधारकाच्या हतबलतेचा दाखला म्हणून घेतले जाऊ लागले.

नावात ‘ट्रस्ट’ असला तरी कायद्याने ही विश्वस्त संस्था नव्हे. इंग्लंड-वेल्समधील बहुतेक समर्थक-ट्रस्ट सहकारी धर्तीच्या कायद्याखाली नोंदलेले असतात. अशा पहिल्या ट्रस्टचा मान नॉर्थॅम्प्टन टाउन क्लबाकडे जातो. १९९२ मध्ये ब्रायन लोमॅक्स यांनी तो उभा केला. वार्षिक वर्गणी भरणारा प्रत्येक जण सभासद आणि प्रत्येकाला एकच मत. साखर कारखाना किंवा पतपेढीची सर्वसाधारण सभा पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. मात्र हा सहकार ट्रस्टच्या दारापर्यंतच चालतो. क्लब ही खाजगी मर्यादित कंपनी असते, आणि तिथे डोकी मोजत नाहीत, शेअर मोजतात. हजारो सभासदांचा ट्रस्ट कंपनीच्या सभेत शिरला की तो एक भागधारक उरतो.

ट्रस्टचा जन्म संकटात झाला. २००१ मध्ये क्लबच्या तेव्हाच्या मालक कंपनीने तो एका पौंडाला विकून अंगाबाहेर टाकला. काही महिन्यांतच तो टोनी पेटी या व्यावसायिकाकडे गेला. त्याने आल्या आल्या खेळाडूंना काढून टाकण्याचा आणि पगार कापण्याचा सपाटा लावला, तेव्हा गाव खवळले. समर्थकांनी बादल्या फिरवून पैसे गोळा केले. मेल नर्स या गावच्याच जुन्या खेळाडूने क्लबच्या कर्जाचा भार आपल्याकडे घेतला. जानेवारी २००२ मध्ये स्थानिक व्यावसायिकांच्या गटाने ट्रस्टला बरोबर घेऊन अवघ्या २०,००० पौंडांत पेटीकडून क्लब सोडवला. ‘स्वॉन्झी सिटी फुटबॉल २००२ लिमिटेड’ या नव्या कंपनीत ट्रस्टला सुमारे पंचमांश वाटा आणि संचालक मंडळावर एक जागा मिळाली. ह्यू जेंकिन्स अध्यक्ष झाले.

पुढची चढण विलक्षण होती. मे २००३ मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी हल सिटीवर ४-२ अशी मात केली म्हणून क्लब फुटबॉल लीगमधून बाहेर फेकला जाण्यापासून वाचला. जेम्स थॉमसने त्या दिवशी तीन गोल केले. २००५ मध्ये जुने व्हेच फील्ड सोडून क्लब लिबर्टी स्टेडियमवर आला. मे २०११ मध्ये वेम्बलीवर रेडिंगला हरवून तो प्रीमिअर लीगमध्ये पोहोचला. वेल्समधला हा मान मिळवणारा तो पहिलाच क्लब. २०१३ मध्ये ब्रॅडफर्ड सिटीला ५-० असे नमवून त्याने लीग कपही जिंकला. या साऱ्या कथेवर ‘जॅक टू अ किंग’ हा माहितीपटही निघाला (‘जॅक’ म्हणजे स्वॉन्झीकर). मात्र संकटात खांद्याला खांदा लावलेल्या मंडळींत आपसातल्या कराराच्या कागदपत्रांची काटेकोर चिकित्सा करावी असे कुणाला वाटले नसावे. नातेवाइकांच्या भागीदारीत हीच चूक आपल्याकडेही होते.

जुलै २०१६ मध्ये स्टीव्ह कॅप्लन आणि जेसन लेविन या अमेरिकी गुंतवणूकदारांच्या गटाने क्लबचे ६८ टक्के शेअर विकत घेतले. क्लबची किंमत शंभर दशलक्ष पौंडांच्या घरात धरलेली होती. चौदा वर्षांपूर्वीच्या २०,००० पौंडांशी ताडून पाहिले की विकणाऱ्यांचा मोह समजतो. ट्रस्टची तक्रार अशी की वाटाघाटी आपल्याला वगळून झाल्या आणि त्याच भावाने आपले शेअर विकण्याची संधी आपल्याला दिलीच नाही. भागधारकांतील आपसातल्या कराराचा भंग झाला, असेही ट्रस्टचे म्हणणे होते. विकणाऱ्यांना ते मान्य नव्हते.

२१.१ टक्के हा आकडा इथे नीट पाहायला हवा. ब्रिटिश कंपनी कायद्यात विशेष ठरावाला ७५ टक्के मते लागतात. म्हणजे २५ टक्क्यांहून थोडे जास्त हाती असेल तर असा ठराव अडवता येतो. ट्रस्ट या उंबरठ्याच्या चार टक्के अलीकडे होता. कंपनी खाजगी असल्याने दुसरे कवचही नव्हते. सार्वजनिक कंपनीत कुणी ३० टक्क्यांपर्यंत पोहोचला की टेकओव्हर संहितेनुसार त्याला उरलेल्या सर्वांसमोर खरेदीचा प्रस्ताव ठेवावा लागतो. आर्सेनल क्लबाचे मोठे भागधारक स्टॅन क्रोएन्के यांना २०११ साली तो ठेवावा लागला होता. मोठा भागधारक विकेल त्याच भावाने लहानालाही विकता यावे, अशी तरतूद खाजगी कंपनीत मुद्दाम लिहून घ्यावी लागते.

आर्सेनलची बाजू उलटी आहे. २०१८ मध्ये क्रोएन्के यांनी दुसरे मोठे भागधारक अलिशेर उस्मानोव्ह यांचे ३० टक्के शेअर घेतले आणि ९० टक्क्यांची सीमा ओलांडली. मग कायद्याच्या आधारे छोट्या भागधारकांचे शेअर सक्तीने विकत घेतले. समर्थकांनी थोडे थोडे पैसे साठवून एकत्र शेअर घेण्याची २०१० पासून चाललेली ‘फॅनशेअर’ योजनाही त्यात संपली. तिथल्या समर्थकाला पैसे मिळाले, जागा गेली. स्वॉन्झीत जागा राहिली, पैसे मिळाले नाहीत. दोन्हींत दुसरा प्रकार अधिक वाईट म्हणावा लागेल, कारण खाजगी कंपनीतल्या अशा शेअरला गिऱ्हाईक नसते आणि त्याची किंमत संघाच्या कामगिरीवर झुलत राहते. मे २०१८ मध्ये स्वॉन्झी प्रीमिअर लीगमधून खाली आला, आणि ज्या वाट्याची किंमत वीस दशलक्ष पौंडांच्या वर धरली जात होती तो कागदावरच उरला.

ट्रस्टपुढे उपाय होता तो २००६ च्या कंपनी कायद्याच्या कलम ९९४ चा. कारभार अन्यायकारक रीतीने आपल्या हिताविरुद्ध चालला, असे दाखवता आले तर अल्पसंख्य भागधारक न्यायालयात जाऊ शकतो आणि न्यायालय बहुधा त्याचे शेअर विकत घ्यायला लावते. पण खटल्याचा खर्च वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला कसा पेलणार? २०१७ मध्ये सभासदांनी थोडे शेअर नव्या मालकांना विकण्याच्या तडजोडीला कौल दिला होता. तो व्यवहार तडीस गेला नाही. नंतर सभासदांनी कायदेशीर लढ्याच्या बाजूने मत दिले, आणि अखेर २०२२ मध्ये प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले.

समर्थक-मालकीची सगळी उदाहरणे अशी नाहीत. पोर्टस्मथच्या ट्रस्टने २०१३ मध्ये बुडता क्लब हाती घेतला आणि २०१७ मध्ये सभासदांच्या मतदानाने, उघडपणे, मायकेल आइझ्नर यांच्या कंपनीला विकला. स्कॉटलंडमध्ये ‘फाउंडेशन ऑफ हार्ट्स’ या समर्थक-संस्थेकडे २०२१ मध्ये हार्ट ऑफ मिडलोथियन या क्लबचे ७५.१ टक्के शेअर आले. हा आकडा का महत्त्वाचा आहे, हे वरचे गणित वाचलेल्याला कळेल. जर्मनीत मूळ सभासद-संस्थेकडे निम्म्याहून एक मत जास्त असावे, हा नियमच आहे. भारतात २०२० मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान या जुन्या सभासद-क्लबचा फुटबॉल विभाग एटीके या क्लबाशी जोडला गेला, तेव्हा नव्या कंपनीत ८० टक्के एटीकेच्या मालक उद्योगसमूहाकडे आणि २० टक्के क्लबाकडे अशी वाटणी झाली. या आकड्यांचे स्वॉन्झीशी साम्य उघड आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅप्लन आणि लेविन स्वॉन्झीतून बाहेर पडले आणि सूत्रे अँडी कोलमन, ब्रेट क्रॅव्हॅट प्रभृतींच्या गटाकडे गेली. २०२५ मध्ये क्रोएशियाचा फुटबॉलपटू लुका मॉड्रिच आणि अमेरिकी रॅपर स्नूप डॉग हेही क्लबचे सहमालक झाले.