ट्रकिन

‘ग्रेटफुल डेड’ या कॅलिफोर्नियातील रॉक बँडचे, सततच्या दौऱ्यांवरील जीवनाविषयीचे गीत. ते १९७० च्या ‘अमेरिकन ब्यूटी’ या अल्बममध्ये समाविष्ट असून शब्द रॉबर्ट हंटर यांचे, संगीत जेरी गार्सिया, बॉब वीअर व फिल लेश यांचे आणि मुख्य गायन वीअर यांचे आहे. एकामागून एक शहरे मागे पडत जातात, रस्ते मात्र सगळीकडे सारखेच भासतात, हा दौऱ्यातील कंटाळा त्यात आहे. शिवाय ३१ जानेवारी १९७० रोजी न्यू ऑर्लीन्सच्या बर्बन स्ट्रीटवरील हॉटेलात पोलिसांनी अमली पदार्थांवरून बँडच्या सदस्यांना केलेल्या अटकेचा प्रसंगही त्यात थेट आला आहे. गीताची चाल ‘शफल’ लयीत, म्हणजे प्रत्येक मात्रेचा पहिला भाग लांब व दुसरा आखूड ठेवणाऱ्या झुलत्या लयीत बांधलेली असल्याने एवढी तक्रार करणारे शब्दही ऐकताना उमदे वाटतात, आणि हेच या रचनेचे खरे यश होय. अमेरिकेतील बिलबोर्ड यादीत ते ६४ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. परंतु मैफलीत त्याला जोडून दीर्घ उत्स्फूर्त वादन होत असे आणि ‘युरोप ’७२’ या अल्बममधील ध्वनिमुद्रण सुमारे १३ मिनिटांचे आहे.