द्विप्रणाली संगणकातील फाइलींची देवघेव

संगणक सुरू करताना त्यावरील दोन प्रचालन प्रणालींपैकी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमपैकी, हवी ती निवडण्याची सोय असल्यास त्यास द्विप्रणाली संगणक म्हणतात. बहुधा ही जोडी विंडोज व लिनक्स यांची असते. एका वेळी एकच प्रणाली चालत असल्याने दुसरीने ठेवलेली फाइल तिला डिस्कवरून स्वतःच शोधून वाचावी लागते. त्यासाठी डिस्कवरील नोंदींची मांडणी, म्हणजे फाइल प्रणाली, दोघींनाही उमगणे आवश्यक असते.

मायक्रोसॉफ्टची फॅट ही मांडणी १९७७ मधील असून १९८१ च्या एमएस-डॉसबरोबर ती सर्वत्र पसरली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला. फॅटची रचना साधी असल्याने लिनक्सला ती लवकरच वाचता-लिहिता येऊ लागली. १९९३ मध्ये मात्र विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस आणि लिनक्ससाठी एक्स्ट-२ अशा दोन वेगळ्या मांडण्या आल्या. एनटीएफएसचा पूर्ण तपशील प्रसिद्ध नसल्याने बाहेरच्या अभ्यासकांनी तो डिस्कवरील नोंदी तपासून उलगडला. वाचन आधी साधले. भरवशाचे लेखन एनटीएफएस-३जी या आज्ञावलीमुळे २००७ मध्ये शक्य झाले. तोवर दोहोंना समान असा फॅट-३२ चा विभाग राखून ठेवण्याची रीत होती, पण ४ गिगाबाइटची वा त्याहून मोठी फाइल त्यात मावत नसे. २०२१ मध्ये एनटीएफएसवरील लेखनाची नवी सोय लिनक्सच्या गाभ्यातच आली.

२०१२ च्या विंडोज ८ मध्ये आलेली जलद प्रारंभाची सोय या देवघेवीस घातक ठरली. तिच्यामुळे संगणक बंद केला तरी विंडोज अर्धवट निद्रिस्त राहते. त्या स्थितीत लिनक्समधून तिच्या विभागावर लिहिल्यास, जागी झालेली विंडोज आपल्या जुन्या स्मृतीनुसार नोंदी फिरवते व फाइली नष्ट होऊ शकतात. ही सोय बंद ठेवणे हाच खरा उपाय होय.

मराठीत लिहिणाऱ्याची अडचण याहून निराळी, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी निरनिराळ्या फाँटांची अक्षरक्रमांकांची पद्धत वेगवेगळी असे. फाइल सुखरूप पोहोचे, पण तो फाँट दुसऱ्या प्रणालीत नसल्यास मजकुराऐवजी रोमन चिन्हांची गिचमीड दिसे. युनिकोडने हे संकट पुष्कळसे टळले. फाइलींच्या नावांचे राहिले.

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले व यशवंतसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांना नव्या जागी वसावे लागले. अशा एखाद्या धरणग्रस्त कुटुंबाला बुडालेल्या आणि बदली मिळालेल्या जमिनीची कागदपत्रे संगणकावर ठेवावयाची असल्यास गाव, तालुका, गट क्रमांक व खातेदार हे सर्व फाइलीच्या नावातच लिहिण्याकडे साहजिक कल होतो. एनटीएफएसमध्ये नावास २५५ चिन्हांची मुभा आहे. लिनक्सच्या एक्स्ट-४ मध्ये मर्यादा २५५ बाइटांची असून देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तेथे ३ बाइट घेते. काना, मात्रा व हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे होत. करमाळा तालुक्यातील ‘केत्तूर’ हे तीन अक्षरी गावनाव अशा रीतीने ७ चिन्हांचे व २१ बाइटांचे भरते. निव्वळ देवनागरीतील नाव ८५ चिन्हांपुढे गेले, की विंडोजमधील तो कागद लिनक्सच्या विभागावर त्या नावाने उतरवून घेता येत नाही. ‘७/१२’ असे नाव तर दोन्ही प्रणाली नाकारतात, कारण तिरकी रेघ त्यांनी स्वतःच्या कामासाठी राखून ठेवली आहे. म्हणून ‘सातबारा’ असे अक्षरीच लिहावे लागते. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची आपल्याकडची सवयही नडते. ‘पुन:सर्वेक्षण’ असे नाव लिनक्स निमूटपणे स्वीकारते. पण एनटीएफएस विभागावर ते तसेच लिहिले गेले असल्यास विंडोजला ती फाइल उघडता येत नाही. इंग्रजी नावांत लहान व मोठ्या लिपीच्या भेदाने होणारा गोंधळ मात्र देवनागरीत संभवत नाही.