बाळंतिणीच्या मनाचा इतिहास

पुण्यात महात्मा फुल्यांच्या एका मित्राच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवले आणि ती गरोदर राहिली. गर्भ पाडण्याचे उपाय करून झाले, उपयोग झाला नाही. शेवटी जन्मलेल्या बाळाला मारून तिने विहिरीत टाकले. खटला चालला. काळ्या पाण्यावर गेली ती एकटी काशीबाई.

४ डिसेंबर १८८४ च्या सरकारकडे पाठवलेल्या निवेदनात ही हकीकत खुद्द फुल्यांनी लिहिली आहे. या प्रकाराने हादरून त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे किंवा ठेवून जावे. त्याच निवेदनात एक आकडा आहे. ३५ विधवा आल्या, त्यांची ५ मुले जगली. बाकीची, आयांनी भीतीपोटी घेतलेल्या विषारी औषधांमुळे गेली. आम्ही मास्तर लोक १८४८ ची मुलींची शाळा पाठ करून घेतो, हा आकडा मात्र सहसा सांगत नाही.

सुरतेच्या विजयालक्ष्मीला १८८१ मध्ये अशाच गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा झाली, ती नंतर कमी झाली. त्यावर वर्तमानपत्रांनी बायकांनाच धारेवर धरले, तेव्हा आमच्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले.

काशीबाई मनोरुग्ण होती असे मी म्हणत नाही. तिची कोंडी समाजाने केली होती. पण बाळंतपणाने मनाचा तोल जाऊ शकतो, हे इंग्लंडच्या कायद्याने १९२२ मध्ये मानले आणि १९३८ मध्ये ही सवलत बाळ एक वर्षाचे होईपर्यंत वाढवली. आपल्याकडे २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही तसे वेगळे कलम नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक चांगली गोष्ट आहे: उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडायचे नाही.

विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात २७० गरोदर बायकांचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होते. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाल्याचे दुःख ही त्यामागची कारणे निघाली. फुल्यांच्या काळाशी ताडून पाहा.

आमच्या दारव्ह्यात बाळंतीण गप्प झाली, रडू लागली की आमच्या घरांत ‘साया’ म्हणतात, शेजारी ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात. मौलवी आणि भगत दोघांकडे फेऱ्या होतात, डॉक्टरचा नंबर शेवटी लागतो. आपल्याकडे चिल्ला चाळीस दिवसांचा, हिंदू घरांत सव्वा महिना. आणि नवजात बाळासाठी आशाताईच्या घरभेटींतली शेवटची भेट ४२ व्या दिवशी! ही घरभेटीची पद्धत गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी रुजवली. ताई बाळाचे वजन घेते, ताप पाहते. त्याच भेटीत आईला नैराश्य ओळखण्याचे दहा प्रश्नही विचारता येतील. एडिनबर्गची ही प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे. ते प्रश्न सोप्या मराठीत आणि उर्दूत ताईच्या हाती असावेत, यासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे निवेदन द्यायला दहा सह्या पुरतात. जुम्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांनी दोन मिनिटे यावर बोलावे. आणि चिल्ल्याच्या घरी झबली-टोपडी घेऊन जाणाऱ्या आपांनी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर बाळंतिणीच्या खोलीत लिहून ठेवावा. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.